उंदराचं औषध गरुडाच्या घरट्यात पोहोचतं: आपल्या इमारतीतून ते कसं हटवायचं

बोस्टनजवळच्या आर्लिंग्टन गावात एमके नावाची एक बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची, मादी राहायची. तिच्या पायातल्या पट्टीवर ही दोन अक्षरं होती, तेच तिचं नाव झालं. तिचा जोडीदार केझेड. मिस्टिक नदीच्या परिसरात या जोडीला पाहायला लोक दुर्बिणी घेऊन जमायचे. २०२३ च्या हिवाळ्याअखेर, विणीचा हंगाम तोंडावर असताना, एमके आजारी अवस्थेत सापडली. उपचार झाले, पण ती वाचली नाही. कारण निघालं उंदराचं औषध. त्याआधी दोन वर्षं, मार्च २०२१ मध्ये, वॉल्थमजवळ चार्ल्स नदीकाठी घरटं असलेली एक मादी अशीच गेली होती. या विषाने बाल्ड ईगल मेल्याची मॅसॅच्युसेट्समधली ती पहिली सिद्ध झालेली नोंद. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात घरट्यातून नुकतंच उडालेलं एक पिल्लूही गेलं.

या पक्ष्यांना मारायचं कोणाच्याच मनात नव्हतं. विष ठेवलं गेलं ते उंदरांसाठी, आणि बहुतेक वेळा ते ठेवलं जातं एखाद्या हॉटेलच्या मागे, अपार्टमेंटच्या कचराकुंडीजवळ, नाहीतर टाउनहाउसच्या भिंतीलगत, दर महिन्याला आपोआप चालू राहणाऱ्या कंत्राटातून. तिथे राहणाऱ्यांपैकी अनेकांना भिंतीजवळच्या त्या काळ्या पेटीत काय आहे हेही माहीत नसतं. मला सांगायचंय ते एवढंच: हे कंत्राट बदलता येतं, त्यासाठी उंदरांबरोबर राहायची गरज नाही, आणि ते कोणी बदलायचं तर तिथे राहणाऱ्यांनीच. अमेरिकेत कॉन्डो, टाउनहाउस, स्वतःचं घर किंवा भाड्याचं अपार्टमेंट असलेल्या मराठी कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. उदाहरणं मॅसॅच्युसेट्सची आहेत, कारण इथली परिस्थिती मला जवळून माहीत आहे. पद्धत कुठल्याही राज्यात चालेल.

विष गरुडापर्यंत जातं कसं

गोष्ट सुरू होते विस्कॉन्सिनमध्ये. बुरशी लागलेल्या स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन तिथली गुरं रक्तस्राव होऊन मरायची. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातला दोषी घटक शोधून काढला आणि पुढे त्याच कुळातलं वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं आणि काही वर्षांनी माणसांसाठी रक्त पातळ करणारं औषध म्हणूनही. रक्त गोठायला लागणारे घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी व्हिटॅमिन के पुन्हा पुन्हा वापरात यावं लागतं. हे विष तेच चक्र थांबवतं. आधीचा साठा संपला की अंगात कुठेही झालेला बारीकसा रक्तस्राव थांबत नाही.

पुढे वॉरफरिनला न जुमानणारे उंदीर दिसू लागले आणि १९७० च्या दशकापासून दुसऱ्या पिढीची विषं येऊ लागली: ब्रोडिफाकूम, ब्रोमाडायलोन, डायफेनाकूम, डायफेथिॲलोन. ही एकदा खाल्ली तरी पुरतात, आणि यकृतात महिनोन्महिने राहतात. उंदरांवरच्या प्रयोगांत ब्रोडिफाकूम सगळ्यात चिवट निघालं आहे.

गरुडाच्या दृष्टीने घातक गोष्ट पुढची आहे. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो साधारण तीन ते दहा दिवस हिंडत असतो आणि त्या दिवसांत पेटीत परत परत येऊन खातो. मरायला टेकतो तेव्हा त्याच्या अंगात त्याला मारायला लागेल त्याहून कितीतरी जास्त विष साठलेलं असतं. शेवटी तो सुस्तावतो, भर दुपारी उघड्यावर येतो, पळत नाही. शिकारी पक्ष्याला आयती शिकार.

बाल्ड ईगल मुख्यतः मासे खातो हे खरं, पण तो खाण्याच्या बाबतीत चोखंदळ नाही. हिवाळ्यात नदी-तळी गोठली की मेलेली खार, बदक, सीगल, रस्त्यावर चिरडलेला प्राणी, जे मिळेल ते उचलतो. शहरालगत घरटं असेल तर त्या आहारात विषारी उंदीर येणं किंवा असा उंदीर खाल्लेला दुसरा प्राणी येणं अगदी शक्य असतं. घरट्याच्या काळात मादी अंड्यांवर बसते तेव्हा नर खाणं आणून देतो. पिल्लं झाल्यावर तेच खाणं तुकडे तुकडे करून त्यांच्या चोचीत जातं. वाढत्या पिसांच्या देठांत रक्त भरलेलं असतं. असं एखादं पीस मोडलं, तरी रक्त न गोठणाऱ्या पिल्लाच्या ते जिवावर बेतू शकतं.

हे प्रकार तुरळक नाहीत. २०१४ ते २०१८ या काळात अमेरिकेत मेलेल्या गरुडांचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या १३३ गरुडांची या विषांसाठी तपासणी झाली त्यातल्या १०९ जणांच्या अंगात विष सापडलं, म्हणजे ८२ टक्के. बाल्ड ईगल होते ११६, त्यातल्या ९६ मध्ये. सगळे काही विषानेच मेले नव्हते. अनेकांच्या अंगात ते नुसतं साठत होतं. पण मृत्यूचं कारणच हे विष असलेले गरुडही त्यात होते. टफ्ट्स विद्यापीठाच्या वन्यजीव दवाखान्यात डॉ. मॉरीन मरी यांनी रेड-टेल्ड हॉक हे शिकारी पक्षी तपासले, तेव्हा ४३ पैकी ४३ पक्ष्यांत विष निघालं.

डीडीटी या कीटकनाशकाने बाल्ड ईगल जवळजवळ संपवला होता. अलास्का-हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत १९६३ मध्ये घरटी करणाऱ्या जोड्या उरल्या होत्या ४१७. डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली, कायद्याचं संरक्षण मिळालं, माणसांनी कष्ट घेतले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८२ ते १९८८ या काळात क्वाबिन जलाशयावर ४१ पिल्लं बाहेरून आणून वाढवली आणि १९८९ मध्ये इथे पुन्हा घरटी झाली. ज्या पक्ष्याला डोक्यावर पांढरी पिसं यायलाच पाचेक वर्षं लागतात, त्याच्यासाठी विणीच्या वयाची एक मादी जाणं हे मोठं नुकसान आहे.

पहिली पायरी: कॅलेंडर उलटं मोजा

लोकांना गरुड आठवतात ते मार्च-एप्रिलमध्ये, घरट्याचे फोटो फिरायला लागले की. तेव्हा उशीर झालेला असतो. इथल्या भागात जोड्या भर हिवाळ्यात घरटं डागडुजीला घेतात, साधारण मार्चच्या सुमारास अंडी घालतात, सुमारे ३५ दिवस उबवतात, आणि पिल्लं दहा-बारा आठवड्यांनी, जून-जुलैत उडतात. विष महिनोन्महिने टिकतं, म्हणजे ऑक्टोबरमध्ये पेटीत टाकलेलं ब्रोमाडायलोन फेब्रुवारीत गरुडाच्या ताटात असू शकतं. शिवाय थंडीची चाहूल लागली की उंदीर घरात शिरायला बघतात, त्यामुळे पेट्या नव्याने भरल्या जातात त्याही नेमक्या शरद ऋतूत.

म्हणून काम सुरू करायचा महिना ऑगस्ट किंवा सप्टेंबर. भोकं बुजवणं, कचऱ्याची सोय, कंत्राटाची बोलणी, हे सगळं थंडीच्या आधी. फ्लोरिडात राहत असाल तर तिथली घरटी ऑक्टोबरपासूनच सुरू होतात, तिथे याच्याही आधी. आणि हा लेख तुम्ही एप्रिलमध्ये वाचत असाल तर पुढच्या शरदाची वाट पाहू नका, आज पेट्या रिकाम्या झाल्या तरी उपयोग आहे.

दुसरी पायरी: पेट्या शोधा, झाकण वाचा

इमारतीभोवती एक फेरी मारा. काळी किंवा करडी प्लास्टिकची पेटी, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडी लहान, भिंतीला चिकटून ठेवलेली, दोन बाजूंना मुठीएवढी भोकं, कधी दगड किंवा विटेला जखडलेली. बहुतेक कचराकुंडीजवळ, गॅरेजच्या कोपऱ्याशी, झुडपांमागे सापडतात. पेटी उघडू नका, तिला कुलूप असतं आणि ते तसंच राहू दे. आत लोखंडी सळईवर ओवलेल्या हिरव्या-निळ्या वड्या असतात.

वाचायचं ते झाकणावरचं लेबल. कंपनीचं नाव, फोन, शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सक्रिय घटक व ईपीएचा, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, नोंदणी क्रमांक. लेबलचा फोटो काढून ठेवा, आणि ते पुसट झालं असेल तर व्यवस्थापकाला विचारा. पेट्यांचा एक साधा नकाशा कागदावर काढून ठेवा, बोलणीच्या वेळी कामाला येतो.

घटक कोणता निघाला, त्यावरून काय समजायचं?

ब्रोडिफाकूम, ब्रोमाडायलोन, डायफेनाकूम, डायफेथिॲलोन यांपैकी काही असेल तर तो दुसऱ्या पिढीचा, गरुडासाठी सगळ्यात वाईट. ०.००५ टक्के असा बारीक आकडा पाहून फसू नका. हीच नेहमीची मात्रा आहे आणि ती पुरेशी आहे. वॉरफरिन, क्लोरोफॅसिनोन, डायफॅसिनोन ही पहिल्या पिढीची. शरीरातून लवकर जातात, पण उंदराला ती अनेक दिवस खावी लागतात आणि शिकारी प्राण्यापर्यंत तीही पोहोचतात. ब्रोमेथॅलिन मेंदूवर परिणाम करतं आणि त्याला उतारा नाही. घरात कुत्रं असेल तर हे नाव वाचून सावध व्हा. कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन डी३ ची जबर मात्रा, आणि झिंक फॉस्फाइड पोटात विषारी वायू करतं. “आम्ही ब्रोमाडायलोन बंद करून ब्रोमेथॅलिन देतो” असं कोणी म्हणालं तर ते उत्तर स्वीकारू नका. एक विष काढून दुसरं ठेवल्याने पेटी तिथेच राहते आणि उंदीर येण्याचं कारणही.

घरगुती ग्राहकांना दुसऱ्या पिढीची विषं विकायची नाहीत असं ईपीएने २००८ मध्ये ठरवलं. डी-कॉन या दुकानात मिळणाऱ्या उंदराच्या औषधाच्या कंपनीने बरीच खळखळ केली आणि शेवटी २०१४ मध्ये तसला माल बनवणं थांबवलं. व्यावसायिकांना मात्र ती मिळतात, मोठ्या पॅकमध्ये. म्हणून आज दुकानातल्या फळीपेक्षा कंत्राटाकडे लक्ष द्यायला हवं. ऑनलाइन मोठा डबा मागवून स्वतः टाकणारेही असतात. तुमच्या ओळखीत कोणी तसं करत असेल तर हा लेख त्यांना वाचायला द्या.

तिसरी पायरी: उंदराला जेवायला घालणं थांबवा

हे काम कंटाळवाणं आहे, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. खाणं मिळत राहिलं तर मारलेल्या उंदरांच्या जागी नवे येतच राहतात. घुशीएवढ्या मोठ्या नॉर्वे उंदराची मादी तीनेक आठवड्यांत वीत देते.

कचराकुंडीचं झाकण पूर्ण बसतं का, तळाला पाणी जायच्या भोकाचं बूच आहे का, पिशव्या बाहेर पडून राहतात का, हे पाहा. फाटक्या प्लास्टिकच्या झाकणाची कुंडी बदलून द्यायला कचरा कंपनीला सांगता येतं.

आपल्या मराठी घरांतल्या काही खास गोष्टी आहेत. बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये वीस पौंडी तांदळाची, कणकेची पोती जमिनीवर ठेवलेली असतात. ती घट्ट झाकणाच्या जाड डब्यांत हलवा. पातळ प्लास्टिक उंदीर एका रात्रीत कुरतडतो. अंगणात पक्ष्यांना घास म्हणून भात, पोळीचे तुकडे टाकायची सवय असते. आमच्या शेजारच्या काकूंना मी म्हटलं, “काकू, हा भात रात्री कोण खातं बघितलंय का?” त्यांनी दुसऱ्या दिवशीपासून थांबवलं, कारण लेंड्या त्यांनीही पाहिल्या होत्या. बर्ड फीडरचंही तेच. खाली सांडलेले दाणे हा उंदरांचा रोजचा खुराक असतो. उंदीर दिसत असतील तर फीडर काही महिने उतरवाच. कंपोस्टच्या ढिगात शिजवलेलं अन्न टाकू नका आणि ढीग उघडा ठेवण्यापेक्षा तळाला बारीक जाळी असलेला डबा वापरा. भिंतीलगतचं दाट झुडूप, लाकडांचा ढीग, आयव्हीची वेल, या उंदरांच्या लपायच्या जागा. भिंतीपासून दीड-दोन फूट जागा मोकळी ठेवा.

चौथी पायरी: भोकं बुजवा

लहान उंदीर पाव इंचाच्या फटीतून आत येतो, मोठा अर्ध्या इंचाच्या. पेन्सिल घेऊन घराभोवती फिरा: ती जिथे आत जाते तिथून लहान उंदीर जातो. एसीच्या नळ्या जिथे भिंतीत शिरतात, गॅसचा पाइप, ड्रायरची जाळी, गॅरेजच्या दाराखालची रबरी पट्टी, बेसमेंटच्या खिडक्या, पाया आणि लाकडाचा सांधा, या जागा आधी बघा.

बुजवायला पाव इंची पोलादी जाळी, तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची तारेची लोकर आणि वरून सीलंट किंवा सिमेंट. नुसता फुगणारा फोम पुरत नाही, तो उंदीर आरामात कुरतडतात. दाराखाली धातूची पट्टी लावा. एका टाउनहाउसचं हे काम एका शनिवार-रविवारी होतं. जुन्या मोठ्या इमारतीत हे काम करणाऱ्या कंपन्या असतात, आणि तो खर्च वर्षानुवर्षं विषाला पैसे भरण्यापेक्षा चांगल्या कामी जातो.

बाहेर बीळ दिसलं तर ते वापरात आहे का ते आधी तपासा. चुरगळलेल्या वर्तमानपत्राचा बोळा संध्याकाळी तोंडात हलकेच घाला. सकाळी तो बाहेर ढकललेला असेल तर बीळ चालू आहे. हे तीन-चार दिवस केलं की किती बिळं खरी चालू आहेत ते कळतं. चालू बिळांसाठी कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, उपाय बोस्टनसारख्या शहरांनी वापरला आहे. वायू बिळात उतरतो, उंदीर तिथेच मरतो आणि मागे विष राहत नाही. पण तो फक्त परवानाधारकानेच, ईपीएने मान्य केलेल्या मालानेच करायचा असतो, आणि इमारतीला अगदी चिकटून असलेल्या बिळांत तर नाहीच, वायू घरात शिरू शकतो.

पाचवी पायरी: चाप (खटक्याचा सापळा) नीट लावा

“चाप लावून बघितला, काही उपयोग नाही” असं ऐकलं की मी आधी विचारतो, कुठे लावला आणि किती लावले. एक चाप खोलीच्या मध्यभागी ठेवून काही होत नाही. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून ठेवायचा. लहान उंदरांसाठी प्रत्येक तीनेक मीटरवर एक, मोठ्यांसाठी तीन ते सहा मीटरवर. सुरुवातीलाच भरपूर लावा, कारण पहिल्या दोन-तीन रात्री सगळ्यात जास्त सापडतात.

लहान उंदरांचे आणि मोठ्यांचे चाप वेगळे असतात. कोणता उंदीर आहे ते लेंड्यांवरून कळतं: तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार, तर लहान, पाऊण इंचापर्यंत लांब, तर मोठा. आमिष म्हणून मटाराएवढं पीनट बटर पुरे. जास्त लावलं तर चाप न उडवता चाटून जातात. घरटं बांधायच्या दिवसांत सुती दोऱ्याचा तुकडाही चालतो.

मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी चार-पाच दिवस चाप न ताणता नुसतं आमिष ठेवा. तो खाऊन जायला लागला की मग सगळे चाप एकाच रात्री ताणा. या एका युक्तीने निकाल बदलतो.

बाहेर चाप उघडा ठेवू नका. चिमणी, चिपमंक, शेजाऱ्यांचं मांजर सापडेल. बंद पेटीत ठेवा. इथे एक सोयीची गोष्ट: भिंतीलगत आधीच असलेल्या त्या काळ्या पेट्यांपैकी अनेकींत विषाच्या वड्या काढून चाप बसवता येतो. पेटी तीच, आतलं बदलायचं. विजेच्या झटक्याने मारणारे सापळेही मिळतात, महाग पण स्वच्छ. चिकट गोंदाचे पुठ्ठे मात्र कृपा करून वापरू नका. उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि पक्षी, साप चिकटतात ते वेगळंच.

चाप रोज सकाळी पाहायचे. मेलेला उंदीर हातमोजे घालून दोन पिशव्यांत घट्ट बांधून झाकणबंद कचऱ्यात टाका. कुंपणापलीकडच्या झाडीत भिरकावायचा नाही. चापातल्या उंदराने शेजारच्या पेटीतलं विष आधीच खाल्लेलं असू शकतं. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ उडून आजार होतात. ब्लीच पाण्यात मिसळून फवारा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने पुसा.

सहावी पायरी: कंत्राट बदला

घर स्वतःचं असेल तर एक फोन पुरतो. कॉन्डो असोसिएशन किंवा घरमालक असेल तर हे काम चिकाटीचं आहे, आणि तक्रारीच्या सुरात सुरू केलं तर बिघडतं. बोर्डावरचे लोक आपलेच शेजारी असतात. त्यांना उंदरांच्या तक्रारींची भीती असते, म्हणून आधी दाखवा ते तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचं काम: कुंडीचे फोटो, फटींचे फोटो, पेट्यांचा नकाशा. मग व्यवस्थापकाकडे लेखी पाच गोष्टी मागा: कोणता घटक वापरला जातो, पेट्या किती, मागच्या वर्षी प्रत्येक पेटीतलं किती खाल्लं गेलं, मेलेले उंदीर कोण उचलतं, आणि कंत्राट कधी संपतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा सगळ्यात बोलकं असतं. अनेक पेट्यांत महिनोन्महिने कोणी तोंड घातलेलं नसतं. तिथे विष असण्याचं कारणच काय? अशा ठिकाणी बिनविषारी वडी ठेवून नुसती देखरेख करता येते. ती कुरतडली गेली तर चाप लावायचा.

नव्या कंत्राटात घालायला मसुदा असा: “बाहेरच्या सर्व पेट्यांत चाप किंवा बिनविषारी देखरेखीच्या वड्या असतील. बोर्डाच्या लेखी परवानगीशिवाय कोणतंही उंदीरनाशक विष वापरलं जाणार नाही. कंपनी दर तिमाहीस इमारतीच्या फटींची तपासणी करून अहवाल देईल.” इंग्रजीत घालताना इंटिग्रेटेड पेस्ट मॅनेजमेंट, म्हणजे आयपीएम, हा शब्द वापरा. प्रत्येक कंपनी तो ओळखते, आणि ज्यांना हे काम करायचं नाही त्यांची चुळबुळही त्याच शब्दाने दिसते.

समोरून दोन युक्तिवाद हमखास येतील. “पेटी बंद आहे, त्यात पक्षी जाऊ शकत नाही.” बरोबर, पण विष खाऊन उंदीर बाहेर येतो. आणि “एवढ्याशा विषाने गरुड मरत नाही.” एका उंदराने मरेलच असं नाही. पण यकृतात ते टिकून राहतं आणि पुढच्या प्रत्येक शिकारीबरोबर वाढतं. एक कंत्राट, एक हॉटेल, एक गोल्फ कोर्स असं करत नदीच्या दोन्ही काठांवर हे पसरलेलं असतं.

गरुड मलूल दिसला तर

जमिनीवर बसलेला, पिसं फुगवलेली, पंख लोंबते, माणूस जवळ आला तरी न उडणारा, अंगावर रक्ताचा डाग असलेला गरुड दिसला तर वेळ घालवू नका. लांबूनच फोटो काढा, जागा नीट लिहून घ्या, कुत्री आणि मुलं दूर ठेवा आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करा. मॅसॅच्युसेट्समध्ये ते मासवाइल्डलाइफ. फोन लागत नसेल तर ॲनिमल हेल्प नाऊ या संस्थेच्या संकेतस्थळावर जवळचे परवानाधारक वन्यजीव दवाखाने सापडतात. स्वतः पकडू नका. त्याचे पंजे हाताच्या आरपार जातात, आणि २०२२ पासून बर्ड फ्लूही पसरला आहे. पाणी पाजू नका, खायला घालू नका. वेळेत पोहोचला तर व्हिटॅमिन के१, गरज पडली तर रक्त, आणि काही आठवड्यांची शुश्रूषा, याने काही पक्षी वाचतात.

मेलेला सापडला तरीही हलवू नका, खात्याला कळवा. यकृताची तपासणी झाली तरच कारण नोंदलं जातं, आणि नोंद झाली तरच पुढचा कायदा होतो. पीस आठवण म्हणून उचलायचा मोह होईल. १९४० च्या कायद्याने तो गुन्हा आहे, मेलेल्या गरुडाचं असलं तरी. जिवंत घरट्यापासूनही निदान ६६० फूट लांब राहा आणि घरट्याची नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका.

घरातल्या मुलाने विषाची वडी तोंडात घातल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका, ती दिसायला दिवस लागतात. पॉयझन कंट्रोलचा क्रमांक १-८००-२२२-१२२२, चोवीस तास. कुत्र्यासाठी थेट पशुवैद्य. दोन्ही वेळी लेबलचा फोटो हाताशी हवा, म्हणूनही दुसऱ्या पायरीत तो काढून ठेवायला सांगितला.

इमारतीच्या बाहेर

कॅलिफोर्नियाने दुसऱ्या पिढीच्या विषांचा बहुतेक वापर १ जानेवारी २०२१ पासून थांबवला, २०२४ पासून डायफॅसिनोन आणि २०२५ पासून वॉरफरिन व क्लोरोफॅसिनोनवरही निर्बंध आणले. शेजारच्या कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २०२१ मध्ये तात्पुरती आणि २०२३ मध्ये कायमची बंधनं घातली. न्यूयॉर्कमध्ये फ्लाको हे घुबड फेब्रुवारी २०२४ मध्ये मेलं, तेव्हा त्याच्या अंगात चार प्रकारची उंदीरनाशकं निघाली. त्यानंतर शहराने उंदरांना वंध्य करणाऱ्या आमिषाची चाचणी घ्यायचं ठरवलं. म्हणजे हे करता येतं. आपल्या गावाच्या बैठकीत पहिली मागणी सोपी ठेवा: शाळा, बागा, ग्रंथालय अशा गावाच्या मालकीच्या जागांवर दुसऱ्या पिढीचं विष नको. त्याला विरोध कमी होतो आणि गावाचा अनुभव तयार होतो. मत द्यायचा अधिकार नसला, अजून व्हिसावर असलात, तरी बोर्डाला आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला पत्र लिहायला कोणी अडवत नाही.

भारतातल्या घरच्यांशी बोलताना एवढं सांगा की तिकडे सर्रास मिळणारं ब्रोमाडायलोन हेच आहे, आणि शेतातले उंदीर खाणारं गव्हाणी घुबडही तसंच मरू शकतं. तिथेही साठवणीच्या खोलीची भोकं आधी बुजवायची, मग चाप.

कंत्राट बदलल्यावर पहिल्या हिवाळ्यात दर महिन्याला पेट्यांची एक फेरी मारा. कर्मचारी बदलतात आणि जुन्या सवयीने नवा माणूस पुन्हा वड्या भरून जातो. कंपनीच्या कार्यालयात कागद बरोबर असला तरी पेटीत विष असू शकतं. फेब्रुवारीच्या फेरीत एका तरी पेटीचं झाकण त्यांच्या माणसाला तुमच्यासमोर उघडायला सांगा.